मालिकेचा पहिला नंबर, चित्रपटाचं सोनेरी कमळ: मोजतं कोण आणि कसं?

दर गुरुवारी टीआरपीचा तक्ता येतो आणि मालिकाप्रेमींच्या गटांत दिवसभर दुसरा विषय नसतो. लाडकी मालिका दोन पायऱ्या खाली आली की नायिकेपासून लेखकापर्यंत सगळ्यांना बोल लागतो. ती वर चढली की घरात कार्य असल्यासारखा आनंद होतो. चित्रपटांच्या बाबतीत हे वर्षातून दोनदा घडतं, एकदा ऑस्करच्या वेळी आणि एकदा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर होतात तेव्हा. ‘त्याला मिळाला, मग ह्याला का नाही?’ हा वाद मला आवडतो, कारण तो घालणारी माणसं जीव लावून बघणारी असतात. मीही त्यांच्यातलीच.

या वादात एक गोष्ट मात्र नेहमी निसटते. आकडा असो की पुरस्कार, तो नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे आपण बघत नाही. टीआरपी मिनिटं मोजतो. राष्ट्रीय पुरस्काराची ज्युरी एकत्र बसून चर्चा करते. ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपट पसंतीक्रमानं दिलेल्या मतांतून निघतो. तेच दहा चित्रपट या तीन रीतींनी मोजले तर तीन वेगळे विजेते निघू शकतात, आणि तिन्ही निकाल तितकेच प्रामाणिक असू शकतात. म्हणून या रीती जरा उलगडून बघू.

टीआरपी म्हणजे नेमकं काय

भारतात टीव्हीचे आकडे बार्क ही संस्था काढते. ती वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था यांनी मिळून उभी केली आहे आणि 2015 पासून ती दर आठवड्याचे आकडे देते. त्याआधी हे काम टॅम ही कंपनी करायची. बार्क देशभरातल्या निवडक घरांत एक यंत्र बसवते. वाहिनी आपल्या आवाजात कानाला जाणवणार नाही अशी एक खूण मिसळून पाठवते. घरातलं यंत्र ती खूण ओळखतं आणि कोणत्या मिनिटाला कोणती वाहिनी लागली होती याची नोंद ठेवतं. टीव्हीसमोर कोण बसलंय हे यंत्राला आपोआप कळत नाही. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण दिलेलं असतं. आजी बघायला बसल्या की त्यांचं बटण दाबायचं, उठल्या की पुन्हा दाबायचं. ही घरं कोणाची, हे गुप्त ठेवलं जातं.

2020 च्या अंदाजाप्रमाणे देशात टीव्ही असलेली घरं सुमारे 21 कोटी होती. यंत्रं बसवलेली घरं 50 हजारांच्या आसपास. म्हणजे एक घर साधारण चार हजार घरांच्या वतीनं बोलतं. ‘आमच्याकडे तर कधी कोणी विचारायला आलं नाही,’ ही तक्रार इथूनच येते आणि ती अगदी स्वाभाविक आहे. पण शितावरून भाताची परीक्षा करता येते, हे आपल्याला स्वयंपाकघरात रोज पटतं. अट एवढीच, की भांडं सगळीकडून सारखं तापलेलं हवं आणि शीत एकाच कडेचं उचललेलं नको. शहर आणि गाव, लहान घर आणि मोठं घर, सगळी योग्य प्रमाणात निवडली तर थोड्या घरांवरूनही मोठ्या वाहिनीचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो.

अडचण लहान आकड्यांत येते. समजा एखाद्या भागात 1,000 यंत्रं आहेत आणि रात्री साडेदहाची एक मालिका त्यांतल्या 10 घरांत लागते. पुढच्या आठवड्यात दोन घरं लग्नाला गावी गेली. आकडा 10 वरून 8 वर आला, म्हणजे मालिका वीस टक्क्यांनी ‘घसरली’. कथेत काही बिघडलं नव्हतं, कलाकारांनी काही कमी केलं नव्हतं. पहिल्या पाच मालिकांबाबत एवढी उलथापालथ होत नाही, कारण त्यांच्यामागे घरं जास्त असतात. म्हणून तक्त्याच्या वरच्या टोकाला काही महिने तीच नावं दिसली तर ते खरं मानावं. तळातल्या मालिकेच्या एका आठवड्याच्या घसरणीवरून तिला निकालात काढू नये.

आता टीआरपीचं गणित. अर्ध्या तासाचा भाग आहे आणि यंत्रांच्या घरांत एकूण 10 माणसं आहेत असं धरा. दोघांनी पूर्ण 30 मिनिटं बघितलं, दोघांनी 15 मिनिटं, बाकी सहा जणांनी अजिबात नाही. बघितलेली मिनिटं झाली 60 अधिक 30, म्हणजे 90. सगळ्यांनी सगळं बघितलं असतं तर 300 झाली असती. 90 भागिले 300, म्हणजे 30 टक्के. हे झालं रेटिंग. भागाला निदान डोकावून गेलेली माणसं मात्र चार, म्हणजे 40 टक्के. याला म्हणतात रीच. एखादी मालिका ‘घराघरांत पोचली’ असं वाहिनी सांगते तेव्हा ती बहुतेक वेळा रीचबद्दल बोलत असते. तक्त्यातला नंबर मिनिटांवर ठरतो.

हे गणित एकदा कळलं की मालिकांचे कितीतरी स्वभाव उलगडतात. एका वाक्यानं नायिकेला धक्का बसतो आणि कॅमेरा घरातल्या सात जणांच्या चेहऱ्यावर एकेक करून फिरतो. ते बघून आपण वैतागतो. पण दाराबाहेर कोण उभं आहे हे कळण्यासाठी थांबलेला प्रेक्षक त्या वेळात मिनिटं देत असतो. जाहिरातीआधीच्या शेवटच्या दृश्यात काहीतरी अर्धवट सोडायचं, दोन मालिकांची पात्रं एकत्र आणून महासंगम करायचा, रविवारी तासाभराचा महाएपिसोड ठेवायचा, दमदार मालिकेच्या लगेच नंतरचा स्लॉट नव्या मालिकेला द्यायचा, हे सगळं मिनिटं धरून ठेवण्यासाठी चालतं. लेखकांना चांगलं लिहिता येत नाही असं जे सर्रास म्हटलं जातं ते मला अन्यायाचं वाटतं. आठवड्याला सहा-सात भाग लिहून द्यायचे, तेही गुरुवारच्या तक्त्याप्रमाणे ट्रॅक बदलत, हे काम विलक्षण कठीण आहे. दूरदर्शनवर तेरा भागांच्या मालिका लागायच्या तेव्हा लेखकाला शेवट आधीच ठाऊक असायचा. रोजच्या मालिकेच्या लेखकाला शेवट केव्हा येणार हेच ठाऊक नसतं.

टीआरपी हा मुळात प्रेक्षकांसाठी काढलेला आकडाच नव्हे. आपल्याकडे जाहिरातीचा वेळ 10 सेकंदांच्या हिशेबानं विकला जातो आणि त्या 10 सेकंदांचा भाव या आकड्यावर ठरतो. साबणाच्या कंपनीला एक प्रेक्षक हवा असतो, गाडीच्या कंपनीला दुसरा. त्यासाठी घरांची वर्गवारी केलेली असते. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण किती आणि ठरावीक यादीतल्या किती वस्तू घरात आहेत, यांवरून ती होते. वय आणि स्त्री-पुरुष हे वेगळं मोजलं जातं. आपण पडद्यावर सासू-सून बघतो तेव्हा त्यामागे हा बाजार उभा असतो. कोणी किती वेळ बघितलं, एवढंच त्याला हवं असतं. आवडलं का, मनात राहिलं का, हे त्यानं कधी विचारलेलंच नाही. आमटीला फोडणी देताना पाठीमागे चालू असलेला टीव्ही आणि श्वास रोखून बघितलेला प्रसंग, दोन्हींची मिनिटं सारखीच धरली जातात.

2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शननं 1987-88 ची ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवली आणि ती रेटिंगमध्ये सगळ्यांच्या वर गेली. मालिका तीच होती, तेहतीस वर्षं जुनी. लोक घरात होते, नव्या मालिकांचं चित्रीकरण बंद होतं आणि घरातल्या तीन पिढ्या एकत्र बसू शकत होत्या. कार्यक्रम चांगला असणं हे रेटिंगमागचं एक कारण. त्या वेळी समोर दुसरं काय लागलंय आणि घरात कोण आहे, ही कारणंही तितकीच मोठी.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीत फेरफार केल्याच्या आरोपांची चौकशी सुरू केली. यंत्र असलेल्या काही घरांना ठरावीक वाहिनी लावून ठेवायला पैसे दिले गेले, असा तो आरोप होता. बार्कनं वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले आणि ते मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले. एक घर चार हजार घरांच्या वतीनं बोलतं तेव्हा त्या एका घराची किंमत किती वाढते, हे त्या प्रकरणातून सगळ्यांना कळलं.

मराठी प्रेक्षकांनी आणखी एक लक्षात घ्यावं. बातम्यांत मराठी वाहिन्यांचा जो आकडा येतो तो बहुधा महाराष्ट्र-गोवा या बाजारपेठेचा असतो. बेळगाव, इंदूर, बडोद्यातली मराठी घरं त्यात येत नाहीत. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणारी मराठी माणसं तर नाहीतच. शिवाय ही टीव्हीची मोजणी आहे. पुण्याच्या वसतिगृहातली मुलगी लोकलमध्ये किंवा खोलीत फोनवर भाग बघते तेव्हा तिचं ते बघणं या तक्त्यात धरलं जात नाही. तरुण मुलं बघतात अशा मालिका तक्त्यात मागे दिसतात त्याचं हेही एक कारण आहे, असं मला वाटतं.

वाहिनीचे स्वतःचे पुरस्कार

यावर फार लिहायची गरज नाही. वाहिनीच्या पुरस्कार सोहळ्यात स्पर्धक त्याच वाहिनीच्या मालिका असतात. सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट जोडी, सर्वोत्कृष्ट कुटुंब असे विभाग असतात आणि काहींसाठी प्रेक्षकांची मतं घेतली जातात. मला हे सोहळे बघायला मनापासून आवडतात. वर्षभर सकाळपासून रात्रीपर्यंत राबणारे कलाकार, आणि कधीकधी पडद्यामागची माणसंही, नटूनथटून एकत्र दिसतात, त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, ते खरंच असतं. हा कुटुंबातला कौतुकसोहळा आहे. त्यावरून मराठी टीव्हीवरची त्या वर्षीची सर्वोत्तम अभिनेत्री कोण, हे ठरवायला जाऊ नये, कारण तिच्या तोडीची दुसऱ्या वाहिनीवरची अभिनेत्री स्पर्धेतच नव्हती.

राष्ट्रीय पुरस्कार: बंद दाराआडची चर्चा

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार 1954 मध्ये सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं. त्यानंतर हा मान (पुढे त्याला सोनेरी कमळ म्हणजे स्वर्णकमळ म्हणू लागले) मराठीकडे परत यायला पन्नास वर्षं लागली. 2003 च्या चित्रपटांत संदीप सावंत यांच्या ‘श्वास’नं तो आणला. पुढे 2011 साठी ‘देऊळ’ (ब्यारी भाषेतल्या ‘ब्यारी’सोबत विभागून), 2014 साठी ‘कोर्ट’ आणि 2016 साठी ‘कासव’. पन्नास वर्षं कोरडी आणि मग तेरा-चौदा वर्षांत चार. मराठी चित्रपट त्या काळात किती बदलला याचं मला हे सगळ्यांत मोठं प्रमाण वाटतं.

आता रीत. निर्माता स्वतः चित्रपट स्पर्धेसाठी पाठवतो. ज्यानं पाठवलाच नाही त्याचा विचार होत नाही, हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा वर्षाचा. चित्रपट कोणत्या वर्षाचा हे सेन्सॉरच्या प्रमाणपत्राच्या तारखेवरून ठरतं, चित्रपटगृहात कधी लागला यावरून नाही. शिवाय निकाल उशिरा लागतात. 2023 च्या चित्रपटांचे पुरस्कार 1 ऑगस्ट 2025 ला जाहीर झाले. त्या दिवशी ‘या वर्षीचा अमुक चित्रपट का नाही?’ असं विचारणाऱ्या निम्म्या लोकांचा चित्रपट त्या स्पर्धेतच नव्हता. त्याच यादीत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून नव्यानं केलेली ‘श्यामची आई’ आली, आणि सत्तर वर्षांच्या दोन टोकांना एकच गोष्ट दिसली. आशिष बेंडे यांना ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार याच यादीत होता.

निवड दोन टप्प्यांत होते. देशाचे पाच विभाग केले आहेत आणि प्रत्येकासाठी प्रादेशिक समिती असते. मराठी पश्चिम विभागात येते. या समित्या चित्रपट चाळून पुढे पाठवतात. मग केंद्रीय ज्युरी ते बघते आणि अंतिम निर्णय देते. ज्युरीतली माणसं दर वर्षी बदलतात आणि निर्णय अंतिम असतो. लोकांचं मतदान नाही, गल्ल्याचा संबंध नाही.

दहा-अकरा माणसं एका खोलीत बसून बोलतात तेव्हा कागदावरच्या मतदानात होत नाही अशी गोष्ट घडते: कोणीतरी कोणाचं तरी मन वळवतं. एका सदस्याला एखादा लहानसा चित्रपट इतका भिडलेला असतो की तो बाकीच्यांना त्यातलं एक दृश्य पुन्हा आठवायला लावतो, त्यातली भाषा समजावून सांगतो, आणि तासाभरानं खोलीचं मत फिरतं. ज्याला ना जाहिरात आहे ना नाववाले कलाकार, अशा चित्रपटाला ही रीत खरीखुरी संधी देते. ‘कोर्ट’सारखा, कॅमेरा एका जागी ठेवून न्यायालयाचा कंटाळाही शांतपणे दाखवणारा चित्रपट टीआरपीसारख्या मोजणीत कधीच वर आला नसता. उलट बाजूही आहे. खोलीत ठाम आवाजाची माणसं कोण, यावर बरंच ठरतं, आणि चर्चा बाहेर येत नसल्यानं आपल्याला कारण कळत नाही. ज्युरीनं प्रत्येक मोठ्या पुरस्कारासोबत सविस्तर कारणं छापावीत, असं मला फार वाटतं. चाहत्यांचे अर्धे गैरसमज त्यानं मिटतील.

ऑस्कर: दुसरी पसंती जिंकवते ती स्पर्धा

ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे मतदार दहा हजारांच्या आसपास आहेत आणि ते सगळे चित्रपटसृष्टीतलेच आहेत: अभिनेते, दिग्दर्शक, संकलक, संगीतकार, वेशभूषाकार. नामांकनासाठी बहुतेक विभागांत ज्या त्या कामातली माणसं मत देतात, म्हणजे अभिनयाची नामांकनं अभिनेते ठरवतात, संकलनाची संकलक. अंतिम फेरीत सगळ्यांना सगळीकडे मत देता येतं. त्यात एक विभाग सोडला तर हिशेब साधा आहे, ज्याला जास्त मतं तो विजेता. पाच जणांत मतं 21, 20, 20, 20 आणि 19 अशी पडली तर 21 वाला जिंकतो, जरी शंभरातल्या 79 जणांनी दुसऱ्या कोणाला मत दिलेलं असलं तरी.

सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र 2009 च्या चित्रपटांपासून वेगळी रीत आहे. त्या वर्षी नामांकनं पाचाची दहा झाली आणि इतक्या जणांत मतं फुटून थोडक्या लोकांचा लाडका चित्रपट जिंकू नये म्हणून पसंतीक्रम आणला गेला. मतदार चित्रपटांना 1, 2, 3 असे क्रमांक देतो.

उदाहरण घेऊ. शंभर मतदार, चार चित्रपट. पहिल्या पसंतीची मतं अशी: युद्धपटाला 34, कौटुंबिक चित्रपटाला 30, विनोदीला 22, भयपटाला 14. कोणालाच पन्नासच्या वर नाहीत, म्हणून शेवटचा भयपट बाहेर. पण त्याच्या 14 मतपत्रिका फुकट जात नाहीत. त्यांवर दुसरा क्रमांक कोणाला आहे ते बघतात: समजा 10 कौटुंबिकला, 3 विनोदीला, 1 युद्धपटाला. आता युद्धपट 35, कौटुंबिक 40, विनोदी 25. अजून कोणी पन्नाशी ओलांडली नाही, विनोदी बाहेर. त्याच्या 25 मतपत्रिकांवर शिल्लक दोघांपैकी वर कोण? 17 जणांचा कौटुंबिक, 8 जणांचा युद्धपट. निकाल: कौटुंबिक 57, युद्धपट 43. पहिल्या फेरीत पुढे असलेला युद्धपट हरला.

म्हणजे या रीतीत काही लोकांचा जीव की प्राण आणि बाकीच्यांना नकोसा, असा चित्रपट अडकतो. बहुतेकांच्या पहिल्या तिघांत असलेला चित्रपट पुढे सरकतो. 2017 च्या सोहळ्यात ‘ला ला लँड’ला दिग्दर्शनासह सहा पुरस्कार मिळाले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘मूनलाइट’ ठरला. लोकांना चुकीचं पाकीट उघडल्याचा गोंधळ आठवतो. मला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की एकच मतदारवर्ग दोन वेगळ्या मोजण्यांतून दोन वेगळ्या चित्रपटांकडे जाऊ शकतो. अकादमी मतांचे आकडे जाहीर करत नाही, त्यामुळे त्या वर्षी नेमकं काय झालं ते सांगता येत नाही. पण असं का होऊ शकतं, ते वरच्या उदाहरणातून कळतं.

भारतीय चाहत्यांचा सगळ्यांत मोठा गैरसमज मात्र ‘ऑस्करला गेला’ या शब्दांभोवती आहे. तिकडे जायची दोन दारं आहेत. एक देशाचं. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवू शकतो, आणि भारताचा चित्रपट फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती निवडते. तिथे जगभरच्या चित्रपटांतून आधी 15 निवडले जातात, मग 5 नामांकनं. आजवर भारताला या विभागात तीनच नामांकनं मिळाली: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि आशुतोष गोवारीकर यांचा ‘लगान’. मराठीतून ‘श्वास’ 2004 मध्ये, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ 2009 मध्ये आणि ‘कोर्ट’ 2015 मध्ये देशातर्फे गेले. ‘श्वास’च्या वेळी तिकडच्या प्रचाराच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. ते दिवस आठवले की मला आजही अभिमान वाटतो.

दुसरं दार सर्वांसाठी आहे. अमेरिकेत ठरलेल्या नियमांनी चित्रपट प्रदर्शित करायचा, अर्ज भरायचा आणि बाकीच्या विभागांत उतरायचं. 2022 मध्ये देशातर्फे गुजराती ‘छेल्लो शो’ गेला आणि तो 15 च्या यादीत पोचला. ‘आरआरआर’ दुसऱ्या दारानं गेला आणि ‘नाटू नाटू’नं गाण्याचा पुरस्कार जिंकला. या दुसऱ्या दाराशी पात्र चित्रपटांची एक लांब यादी जाहीर होते, तीनशेच्या आसपास नावांची. दर जानेवारीत ‘आपला चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत’ अशा बातम्या येतात त्यांतल्या कित्येक या यादीवरून केलेल्या असतात. यादीत असणं म्हणजे अर्ज नियमात बसला, इतकंच.

‘श्वास’ आणि ‘कोर्ट’ दोघांनाही देशात सोनेरी कमळ मिळालं आणि दोघंही ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचले नाहीत. यात चित्रपटाची काही उणीव होती असं मी मानत नाही. दहा माणसांच्या खोलीत शांत चित्रपटाला बोलणारा एक वकील मिळाला की पुरतं. हजारो मैलांवर, डझनावारी देशांच्या चित्रपटांच्या गर्दीत, आधी कोणीतरी तो बघायला हवा असतो. त्यासाठी तिथला वितरक, महोत्सवातलं नाव आणि भरपूर पैसा लागतो. 2024 मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळवलेला पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ हा मुंबई आणि कोकणातला चित्रपट समितीनं पाठवला नाही, ‘लापता लेडीज’ पाठवला, आणि तो 15 मध्येही आला नाही. दोन्ही चित्रपट मला आवडतात. पण ज्या चित्रपटाला तिकडचे मतदार आधीच ओळखत होते तो घरी ठेवणं मला चूक वाटतं. देशात आपल्याला काय आवडतं हा एक प्रश्न, आणि त्या विशिष्ट मतदारांपुढे कोण टिकेल हा दुसरा. समितीनं पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या स्पर्धेला पाठवलं.

अकादमीनं 2025 मध्ये एक नियम आणला: अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचं असेल तर त्यातले सगळे नामांकित चित्रपट बघितलेले असले पाहिजेत. इतकी साधी अट यायला इतकी वर्षं लागली, पण आली हे चांगलं झालं.

मालिकांचं काय

इथे माझं खरं म्हणणं येतं. चित्रपटाकडे गल्ला आहे आणि ज्युरीही आहे, म्हणून गल्ल्यात हरलेल्या चित्रपटाला दुसरीकडे मान मिळू शकतो. रोजच्या मालिकेकडे जवळजवळ फक्त टीआरपी आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत टीव्ही मालिकांचा विभागच नाही. वृत्तपत्रं आणि सांस्कृतिक संस्था आपल्या पुरस्कारांत मालिकांना थोडी जागा देतात, ती त्यांची कळकळ आहे. गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात 2023 पासून वेब मालिकेसाठी पुरस्कार आहे, आणि 2024 मध्ये तो प्रकाश नारायण संतांच्या कथांवर निपुण धर्माधिकारी यांनी केलेल्या ‘लंपन’ला मिळाला. एका मराठी मुलाच्या कोवळ्या गोष्टीला देशभरच्या मालिकांतून पहिलं स्थान मिळालं, याचा आनंद अजून ओसरलेला नाही. पण तो ओटीटीचा पुरस्कार आहे. रात्री साडेआठला गावोगावी लागणाऱ्या मालिकेची लेखिका, संवादलेखक, वर्षानुवर्षं आईची भूमिका सच्चेपणानं करणारी अभिनेत्री, यांना त्यात जागा नाही.

‘शेकडो भाग ज्युरी बघणार कधी?’ असं यावर विचारलं जातं. अमेरिकेत रोजच्या मालिकांसाठी 1974 पासून वेगळे डेटाइम एमी पुरस्कार आहेत आणि तिथे निर्माते निवडक भाग पाठवतात. आपल्याकडे यात एक सुधारणा करता येईल. निर्मात्यानं वर्षातला स्वतःच्या पसंतीचा सलग एक आठवडा द्यावा आणि ज्युरीनं चिठ्ठी टाकून दुसरा एक आठवडा निवडावा. पहिल्यात मालिका आपल्या शिखरावर काय करू शकते ते दिसेल. दुसऱ्यात, एखाद्या साध्या मंगळवारी, ना लग्न ना अपघात ना महासंगम अशा भागात, लेखक दोन माणसांना स्वयंपाकघरात कसं बोलतं करतो आणि कलाकार ते कसं पेलतात, ते दिसेल. सगळ्या वाहिन्यांच्या मालिका एकाच स्पर्धेत, ज्युरीत कोणत्याही वाहिनीचा माणूस नाही, आणि निकालासोबत छापील कारणं. मराठीत रोज इतकं लिहिलं आणि बघितलं जातं की याची सुरुवात मराठीनंच करावी, आणि राज्य सरकारच्या चित्रपट पुरस्कारांच्या जोडीला ती करायला काहीच हरकत नसावी.